बंदुकीचा परवाना आणि माणसाची वर्तणूक

मंडळी, आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा बंदुकीशी काय संबंध? आमचा बंदुकीशी संबंध नाहीच. आमचा संबंध आहे तो 'अपात्र' या शब्दाशी. हा शब्द आपल्या शस्त्र कायद्यात आहे, आणि तो तिथे कसा आला याची गोष्ट मोठी मजेदार आहे.

असं समजा, की एका तालुक्याच्या गावी एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे वीस वर्षांपासून बारा बोअरची दुनळी आहे, परवाना रीतसर आहे, एक काडतूसही कधी वाया गेलेलं नाही. हे गृहस्थ थर्टी फर्स्टच्या रात्री नाकाबंदीत सापडतात. तोंडाला यंत्र लावतात, आकडा वर जातो, दंड भरतात, सुटतात. पुढे सोसायटीत पार्किंगवरून दोन-तीनदा वाद, शिवीगाळ, एक अदखलपात्र नोंद. आणि एके दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयातून कारणे दाखवा नोटीस येते: आपला शस्त्र परवाना रद्द का करू नये? गृहस्थ चक्रावतात. म्हणतात, "अहो, गाडी मी चालवत होतो, बंदूक तर घरी कपाटात होती!"

हा बचाव हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चूक एका ठिकाणी आणि जप्ती दुसऱ्या ठिकाणी, असं करायचा सरकारला अधिकार आहे का? असेल तर कुठपर्यंत? या प्रश्नाचं वय किमान दीडशे वर्षांचं आहे.

इंग्लंडमध्ये १८७२ साली दारूच्या दुकानांचं नियमन करणारा एक कायदा झाला. त्याच्या बाराव्या कलमात एक लांबलचक वाक्य आहे. सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन दंगा करणारा, दारूच्या नशेत घोडागाडी, घोडा, गुरंढोरं किंवा वाफेचं इंजिन ताब्यात असलेला, आणि नशेत भरलेली बंदूक जवळ बाळगणारा, या सगळ्यांना एकच शिक्षा: चाळीस शिलिंगपर्यंत दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद. मोटार तेव्हा रस्त्यावर यायची होती. पण पिऊन वाहन हाकणारा आणि पिऊन बंदूक धरणारा हे एकाच जातीचे लोक आहेत, हे त्या मसुदा लिहिणाऱ्याला दिसलं होतं. जी गोष्ट हातात असताना शुद्ध असायला हवी, ती नशेत हातात घेणं हा गुन्हा. मात्र हे कलम त्या क्षणापुरतं आहे. उद्या सकाळी उतरली की माणूस पुन्हा मोकळा. तो एरवी कसा आहे, हे कायदा विचारत नाही.

त्यानंतर सहाच वर्षांनी, १८७८ साली, लॉर्ड लिटनच्या सरकारने हिंदुस्थानात शस्त्रांचा कायदा आणला. त्याच वर्षी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवरचाही कायदा आला होता, म्हणजे शब्द आणि शस्त्र दोन्ही एका सालात बांधली गेली. हा शस्त्र कायदा वाचताना इंग्लंडचं ते वाक्य शेजारी ठेवून पाहावं. इथे दारूचा विचार नाही, शुद्धीचा विचार नाही. बंदुकीबरोबर तलवार, भाला, खंजीर, धनुष्यबाणसुद्धा 'शस्त्र' या शब्दात घातलेले आहेत. आणि नियमांनी सूट कोणाला, तर युरोपियनांना. म्हणजे पिऊन तर्र झालेला गोरा मळेवाला बंदूक खांद्यावर टाकून हिंडू शकत होता, आणि ज्याने जन्मात थेंब चाखला नाही अशा माळकऱ्याला रानडुकरं हाकायला लागणारी ठासणीची बंदूक परवान्याशिवाय ठेवता येत नव्हती. १८५७ पाठीशी होतं, हे उघड आहे. सरकारला विचारायचं होतं ते एवढंच: तू कोणाचा माणूस? आमचा की आमच्याविरुद्धचा? महाराष्ट्रात तर लगेच पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं, त्यामुळे ही शंका सरकारच्या दृष्टीने पक्की झाली.

परवाना काढून घेण्याचं कलमही त्याच धाटणीचं होतं. सार्वजनिक शांततेच्या सुरक्षिततेसाठी जरूर वाटलं तर अधिकाऱ्याने परवाना रद्द करावा, मात्र कारणं लेखी नोंदवावीत. हे 'कारणं लेखी नोंदवावीत' लक्षात ठेवा. वसाहतीच्या कायद्यातली ही एक बारीकशी गोष्ट पुढे फार कामाची ठरली आहे.

काँग्रेसने आपल्या अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्यात बदल मागितला. लोकांना सलत होता तो अपमान. बंदूक हवी होती असे थोडे. बंदूक ठेवायला तू लायक नाहीस हे ऐकून घेणं सगळ्यांनाच जड जात होतं. १९२० च्या सुमारास नियमांतला उघड वंशभेद काढला गेला. सूट मग हुद्द्यावर आणि मानमरातबावर गेली, हा भाग वेगळा.

आता पुन्हा इंग्लंड, कारण आपल्या गोष्टीचा सांधा तिथेच आहे. १९२० साली तिथे पहिल्यांदा बंदुकांसाठी पोलिसांचं प्रमाणपत्र आवश्यक करणारा सर्वंकष कायदा झाला. महायुद्धाहून परतलेले सैनिक, त्यांच्याबरोबर आलेली पिस्तुलं आणि रशियातल्या क्रांतीची धास्ती, ही त्यामागची खरी कारणं. पण कायद्यात शब्द लिहिले गेले ते असे की, असंयमी सवयींचा, अस्थिर मनाचा, किंवा कोणत्याही कारणाने बंदूक सोपवण्यास अयोग्य असा माणूस असेल तर प्रमाणपत्र देऊ नये. भीती राजकीय होती, भाषा मात्र चारित्र्याची झाली. आणि 'असंयमी सवयी' म्हणजे मुख्यतः दारू, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. १८७२ चा कायदा विचारत होता, की आत्ता तू प्यायलेला आहेस का? १९२० चा विचारू लागला, की तू पिणारा आहेस का? पहिल्या प्रश्नाला वास पुरतो. दुसऱ्या प्रश्नाला माणसाचा इतिहास लागतो.

इथे थोडं आमच्या विषयाकडे वळू द्या. मिटिलिनी या ग्रीक नगरात पिटाकस नावाचा कायदेकर्ता होऊन गेला. त्याचा नियम असा की, नशेत गुन्हा केला तर शिक्षा शुद्धीतल्यापेक्षा जास्त. ॲरिस्टॉटल या नियमाची दखल घेतो, आणि नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात दुहेरी शिक्षेचं कारणही देतो: नशेत त्याला कळत नव्हतं हे खरं, पण नशा करायची की नाही हे तर त्याच्या हातात होतं. त्याच्याही पुढे तो जातो. बेफिकीर माणूस म्हणतो, काय करणार, माझा स्वभावच असा. ॲरिस्टॉटलचं म्हणणं, तो स्वभाव तूच एकेक कृती करून घडवलास. म्हणजे कृतीतून सवय, सवयीतून स्वभाव. आपल्या गृहस्थांच्या बचावाला हे उत्तर आहे: बंदूक कपाटात होती, पण तिची किल्ली ज्या माणसाकडे आहे तोच माणूस स्टिअरिंगवर होता. माणसाचे असे कप्पे पाडता येत नाहीत. मात्र ॲरिस्टॉटलच आपल्याला थांबवतोही. एका कृतीने सवय ठरत नाही. एकदा खोटं बोललेला माणूस लबाड नसतो. तेव्हा सरकारने एका रात्रीवरून माणसाचा स्वभाव ठरवला, तर ते चुकीचं अनुमान आहे. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही ज्यावर गुण कापत असू, त्यातलं.

आता आपल्याकडे या. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनपुढे अकरा मागण्या ठेवल्या. मिठाचा कर त्यात होता म्हणून ती यादी सगळ्यांना आठवते. पण यादीची सुरुवात होते संपूर्ण दारूबंदीने, आणि शेवट होतो स्वसंरक्षणासाठी शस्त्रांचे परवाने देण्याने, लोकनियंत्रणाखाली. अहिंसेचा पुरस्कर्ता बंदुकीचे परवाने मागतो, यावर लोक चकित होतात. आम्हाला त्यात विसंगती दिसत नाही. ज्याला शस्त्र बाळगायची बंदी आहे त्याची अहिंसा ही त्याची निवड कशी म्हणायची? आणि दारू आणि बंदूक एकाच कागदावर आहेत, हेही बघा. पुढच्या वर्षी कराची अधिवेशनाच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा प्रत्येक नागरिकाचा हक्क मान्य केला गेला, आणि त्याच ठरावात दारूबंदीही होती.

मग स्वातंत्र्य आलं, घटना लिहायला घेतली, आणि डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामतांनी घटना समितीत आठवण करून दिली: कराचीचा तो हक्क मूलभूत हक्कांत घाला. डॉ. आंबेडकरांनी ती सुधारणा नाकारली. त्यांचा मुद्दा असा, की असा हक्क सरसकट सगळ्यांना दिला तर चोर-दरोडेखोरसुद्धा तोच हक्क सांगतील. आणि नागरिकाच्या बाबतीत शस्त्र धारण करण्याच्या हक्कापेक्षा देशासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्याची भाषा अधिक योग्य. सुधारणा पडली. आपल्या घटनेत आज शस्त्राचा उल्लेख मूलभूत हक्कांत येतो तो उलट्या बाजूने, शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क म्हणून. दारूबंदी गेली मार्गदर्शक तत्त्वांत, सत्तेचाळीसाव्या अनुच्छेदात. शस्त्रांचा विषय केंद्राच्या यादीत, दारूचा राज्याच्या. गांधीजींच्या एका कागदावरचे दोन विषय असे दोन कपाटांत गेले. त्यांची पुन्हा गाठ पडते ती जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर.

१९५९ साली नवा शस्त्र कायदा झाला आणि १९६२ मध्ये तो लागू झाला. जुन्या कायद्याचा हेतू राष्ट्र निःशस्त्र करण्याचा होता, आता कायदा स्वतंत्र देशातल्या नागरिकासाठी हवा, ही त्यामागची भूमिका. तलवार, भाला यांच्यासाठी सर्वत्र परवाना लागण्याची अट गेली. परवाना नाकारताना आणि रद्द करताना जी कारणं धरायची ती चौदाव्या आणि सतराव्या कलमात आली. त्यात मनाची अस्थिरता आहे. 'कोणत्याही कारणाने परवान्यास अपात्र' हे आहे. सार्वजनिक शांतता आणि सुरक्षितता आहे. अर्जात माहिती दडवणं, अटी मोडणं हेही आहे. इंग्लंडच्या १९२० च्या वाक्याशी ताडून बघा, काय गळलं? 'असंयमी सवयी' गळल्या. दारूचं नाव आपल्या रद्द करण्याच्या कलमात नाही. त्या काळी मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा जोरात होता; पिणं हाच जिथे गुन्हा तिथे पिण्याच्या सवयीचं वेगळं नाव कशाला, असा विचार कोणी केला असेल तर नवल नाही. हा आमचा तर्क, त्याला तर्कच समजा. परिणाम मात्र निश्चित आहे: जे इंग्लंडमध्ये नाव घेऊन सांगावं लागतं, ते आपल्याकडे 'अपात्र' या एका शब्दाच्या पोटात घातलं जातं. आणि पोट मोठं असलं की त्यात काहीही मावतं.

न्यायालयांनी या पोटाला आवर घालण्याचा प्रयत्न केला. १९६५ साली राममनोहर लोहियांच्या स्थानबद्धतेचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. बंदुकीचा त्यात संबंध नव्हता. पण न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी तिथे तीन वर्तुळांची प्रसिद्ध कल्पना मांडली: सगळ्यात मोठं वर्तुळ कायदा आणि सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, त्याच्याही आत राज्याच्या सुरक्षिततेचं. हा फरक समजावताना त्यांनी उदाहरण घेतलं ते दोन दारुड्यांचं! दोन दारुडे भांडले तर अव्यवस्था होते, सार्वजनिक अव्यवस्था होत नाही. तेच दोघे वेगवेगळ्या जमातींचे असले आणि एकाने जमातीच्या भावना भडकवल्या, तर गोष्ट बदलते. हीच विचारसरणी पुढे शस्त्र परवान्याच्या खटल्यांतही उतरली. विशेषतः अलाहाबाद उच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं, की नुसता गुन्हा दाखल आहे, खटला चालू आहे, एवढ्यावर परवाना रद्द होत नाही. त्यामुळे सार्वजनिक शांततेला धोका कसा, हे आदेशात दिसलं पाहिजे.

इथपर्यंत वाटतं, की आपल्या गृहस्थांची बाजू भक्कम आहे. एक रात्र, एक दंड, पार्किंगची भांडणं. दोन दारुड्यांपैकी ते एक. पण आम्हाला या वर्तुळांबद्दल एक शंका आहे, आणि आजच्या व्याख्यानात सांगायचं आहे ते मुख्यतः हेच. ही तिन्ही वर्तुळं घराबाहेरची आहेत. बंदूक असते घरात.

दारू पिऊन घरी येणारा, बायकोवर हात टाकणारा, आणि एकदा कधीतरी कपाटाकडे बोट दाखवून "ती काय शोभेला ठेवलीय का" म्हणणारा माणूस सार्वजनिक शांतता भंग करत नाही. शेजाऱ्यांना भिंतीतून ऐकू येतं, पण कोणी साक्षीला येत नाही. नवव्या कलमाची बंदी त्याला लागत नाही, कारण त्यासाठी हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा व्हावी लागते, किंवा चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतलेला असावा लागतो. ज्याला आपल्याकडे 'चाप्टर केस' म्हणतात ते. बायकोची तक्रार तिथपर्यंत पोचतच नाही. त्या घरासाठी कायद्यात एकच दार उघडं राहतं, आणि ते म्हणजे तोच ढिला शब्द, 'कोणत्याही कारणाने अपात्र'. ज्या शब्दाची आपल्याला अधिकाऱ्याच्या हातात भीती वाटते, तोच त्या बाईला वाचवू शकणारा शब्द आहे. म्हणून तो काढून टाका, असं आम्ही म्हणणार नाही.

हे नुसतं कल्पनेतलं नाही. इंग्लंडमध्ये प्लिमथ शहरात एका तरुणाने सप्टेंबर २०२० मध्ये बागेत दोन अल्पवयीनांना मारहाण केली. बंदुकीचा त्यात वापर नव्हता. पोलिसांनी पुढे त्याची शॉटगन आणि प्रमाणपत्र काढून घेतलं, आणि जुलै २०२१ मध्ये परत दिलं. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याने पाच जणांना ठार मारलं. पहिली त्याची आई. मेलेल्यांत तीन वर्षांची एक मुलगीही होती. नंतरच्या चौकशीत पोलिसांच्या परवाना विभागाच्या चुका चव्हाट्यावर आल्या. 'बंदूक तर कपाटात होती' हे वाक्य त्या मारहाणीच्या दिवशी त्यालाही म्हणता आलं असतं.

जर्मनीतला एक खटला याच्या अगदी उलट तऱ्हेचा, शांत आहे. एका शिकाऱ्याने संध्याकाळी दोन ग्लास रेड वाइन आणि एक पेग व्होडका घेतली, गाडी काढून रानात गेला आणि एक हरीण मारलं. कोणालाही इजा झाली नाही, नेम बरोबर लागला. परतताना पोलिसांनी अडवलं, श्वास तपासला. त्याचे बंदुकांचे परवाने गेले. तो शेवटच्या न्यायालयापर्यंत लढला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तिथल्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. जर्मन कायद्यात 'भरवशाचा असणं' ही अट आहे, आणि पिऊन बंदूक चालवणाऱ्यावर पुढेही भरवसा ठेवता येत नाही, असा त्याचा आशय. इथे एकच प्रसंग पुरला. पण तो का पुरला हे पाहा: बंदूक प्रत्यक्ष हातात होती. १८७२ चं वाक्य आणि १९२० चं वाक्य, दोन्ही त्याला एकाच वेळी लागू पडत होती. आपल्या गृहस्थांना दुसरंच लागू पडतं, तेही अर्धवट. अमेरिकेत बंदूक हा घटनेने दिलेला हक्क, तिथे पेन्सिल्व्हेनियातल्या एका माणसाचा हक्क दोनदा पिऊन गाडी चालवल्यामुळे गेला आणि २०२० साली अपील न्यायालयाने तो गेलाच म्हणून सांगितलं. तीनपैकी एका न्यायाधीशाने मात्र विरोध नोंदवला. त्या देशातला वाद अजून मिटलेला नाही, त्यात आज शिरत नाही.

तर मग आपल्याकडे मोजायचं कशाने? आमचं म्हणणं असं, की शब्द ढिला असू द्या, पण आदेश घट्ट हवा. १८७८ च्या कायद्यातली ती बारीक गोष्ट, लेखी कारणं, १९५९ च्या सतराव्या कलमातही आहे. सार्वजनिक हिताला बाध येत नसेल तर परवानाधारकाने मागितल्यावर त्या कारणांचा थोडक्यात गोषवारा त्याला द्यावाच लागतो, आणि अठराव्या कलमाखाली अपील करता येतं. जिल्हाधिकाऱ्याच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे जायचं. प्रत्यक्षात काय होतं? पोलीस ठाण्याचा अहवाल येतो, 'सदर इसमाची वर्तणूक समाधानकारक नाही', आणि आदेशात तेच वाक्य उतरतं. याला कारण म्हणत नाहीत. कारण म्हणजे: अमुक तारखेला हे घडलं, पुन्हा अमुक तारखेला हे, घरच्यांचं म्हणणं हे, म्हणून या माणसाच्या हातात बंदूक राहिली तर अमुक व्यक्तीला धोका आहे. असं लिहायला बसलं की अधिकाऱ्यालाच कळतं, आपल्याकडे सवय आहे की नुसता एक प्रसंग. पार्किंगवरून वैर धरलेल्या शेजाऱ्याची तक्रार आणि भिंतीपलीकडून ऐकू येणारी तक्रार यांतला फरकही तिथेच उघडा पडतो.

वेळ होत आला. मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे: "दारू पिण्याचा परवाना असलेल्याने बंदुकीचा परवाना मागितला तर?" चांगला प्रश्न आहे. महाराष्ट्रात कायद्याने पिण्यासाठी अजूनही परवाना लागतो, तुमच्यापैकी कितीजणांकडे आहे ते आम्ही विचारत नाही. दोन्ही परवाने एकाच खिशात असायला मनाई नाही. पण २०१६ च्या शस्त्र नियमांनी अर्जाबरोबर डॉक्टरांचा दाखला मागितला आहे, आणि त्यात अर्जदार मादक पदार्थांवर अवलंबून नाही असं स्पष्ट लिहावं लागतं. म्हणजे १९५९ मध्ये गळलेली 'असंयमी सवय' दारातून नाही तर खिडकीतून आत आली, आणि तिचा निवाडा डॉक्टरकडे गेला. पिणं आणि दारूवर अवलंबून असणं यांत फरक आहे, तो डॉक्टरने करायचा. आणखी एक. मोटार वाहन कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात सवयीचा दारुडा हे ड्रायव्हिंग लायसन्स काढून घेण्याचं कारण म्हणून नाव घेऊन लिहिलेलं आहे. शस्त्र कायद्याच्या सतराव्या कलमात ते आजही नाही. स्कूटर चालवायला जे उघड विचारलं जातं, ते दुनळीसाठी 'अपात्र' या शब्दात शोधावं लागतं.